बक्षीस म्हणून आलेली सहा पिसे

मिशिगन राज्यात येऊन मला चौदा वर्षे झाली, आणि गेली चार वर्षे मी १ ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या धनुष्यबाणाच्या हंगामात, शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करून आणि दरवर्षी रीतसर परवाना काढून, हरणाच्या शिकारीला जातो. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी असल्यामुळे तेथील वाचकांनी हे सरावाच्या बाणांपुरतेच वाचावे.) माझ्या ४५ पाउंड ताणाच्या रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्यासाठी लाकडी बाण घरीच तयार करावेत असे जूनमध्ये मनात आले, आणि सामान जमवण्याच्या पहिल्याच पायरीवर मी १९० डॉलरना फसलो. रक्कम फार मोठी नाही. पण फसवणूक लक्षात आल्यावरही तीन आठवडे तक्रार करण्याचा धीर मला झाला नाही, आणि तो का झाला नाही हेच सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

वापरलेल्या वस्तूंची जाहिरात होती. वडिलांनी शिकार सोडली असून त्यांचे सामान काढायचे आहे, असे विक्रेत्याने म्हटले होते. पोर्ट ऑरफर्ड सीडर या झाडाच्या लाकडाचे ११/३२ इंच जाडीचे दोन डझन शाफ्ट, म्हणजे बाणांच्या दांड्या, सर्वांचा स्पाइन (ताठरपणा) ४५ ते ५० पाउंडांमध्ये आणि वजनातला फरक १० ग्रेनच्या (ग्रेन हे बाण तोलण्याचे बारीक माप) आत. टर्कीच्या उजव्या पंखाची पाच इंची १०० पिसे. शिवाय बाणाला पिसे चिकटवण्याचा जिग (साचा), त्यात पीस धरणारा उजव्या वळणाचा क्लॅम्प (चिमटा), नॉक (बाणाच्या मागच्या टोकाला बसवायची, दोरीत अडकणारी खाच) आणि गोंद. हा सीडर ऑरेगनच्या नैर्ऋत्य भागात आणि त्याला लागून असलेल्या कॅलिफोर्नियाच्या कोपऱ्यातच नैसर्गिकरीत्या वाढतो, आणि त्याचे सरळ रेषांचे निवडक शाफ्ट कधीच स्वस्त नसतात, एवढे मला वाचून माहीत होते. तरीही मी भुललो, कारण इतके नेमके आकडे देणारा माणूस मोजूनच बोलत असणार, असे मी गृहीत धरले. पैसे मात्र मित्रांना किंवा नातेवाइकांना पाठवतात त्या पद्धतीने पाठवावेत, म्हणजे दोघांचेही शुल्क वाचेल, असे त्याने सुचवले. त्या पद्धतीत खरेदीदाराला कसलेही संरक्षण नसते, हे मी पैसे गेल्यावर वाचले.

खोके आले तेव्हा त्यात सहा पिसे वेगळ्या कागदात गुंडाळलेली होती. तांबूस रंगाची, टोकाशी काळी पट्टी असलेली, फार देखणी. सोबतच्या चिठ्ठीत ‘नव्या कारागिराला बक्षीस’ असे लिहिले होते. मी सुखावलो, ती बाजूला ठेवली आणि कामाला लागलो.

पहिल्याच बाणाचे दुसरे पीस बसेना. पक्ष्याच्या डाव्या आणि उजव्या पंखांतली पिसे परस्परविरुद्ध बाजूंना वळलेली असतात. एका बाणावरची तिन्ही पिसे एकाच पंखाची हवीत आणि क्लॅम्पचे वळणही त्यांना जुळणारे हवे, नाहीतर पिसाचा देठ शाफ्टवर टेकतच नाही, एका टोकाने उचलला जातो. मी सगळी पिसे चकचकीत बाजू वर करून टेबलावर एका दिशेने मांडली, तेव्हा ४१ पिसे उलट वळणाची निघाली. एवढ्यावरही मी गणतीतली चूक समजून गप्प बसलो असतो, पण शाफ्टच्या टोकाला निमुळता आकार देताना दुसरी शंका आली. ताजा कापलेला पोर्ट ऑरफर्ड सीडर आल्यासारखा तिखट-गोड वास देतो. माझ्या खोलीत मात्र फक्त लाकडाला दिलेल्या रंगाचा वास सुटला होता, आणि तपकिरी थराखाली पांढरट लाकूड होते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या गोल दांड्या रंगवून मला विकल्या गेल्या होत्या.

मग मी तेच केले जे पैसे देण्याआधी त्याला करून दाखवायला सांगायला हवे होते. स्पाइन म्हणजे शाफ्टचा ताठरपणा. दोरी सुटताक्षणी बाण वाकतो आणि धनुष्याला वळसा घालून सरळ होतो. त्यामुळे ताठरपणा धनुष्याच्या ताणाला साजेसा नसेल, तर नेम कितीही चांगला असला तरी बाण डावीकडे-उजवीकडे जातो. लाकडी शाफ्टसाठी मोजण्याची रीत सोपी आहे: २६ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर शाफ्ट आडवा ठेवायचा, मध्यभागी २ पाउंड वजन टांगायचे, आणि तो जितके इंच वाकेल त्या आकड्याने २६ ला भागायचे. ०.५२ इंच वाकला तर स्पाइन ५० पाउंड. माझे शाफ्ट ०.३७ इंचापासून ०.७४ इंचापर्यंत वाकले, म्हणजे ७० पाउंडांपासून ३५ पर्यंत सगळा मेळा जमला होता. २४ पैकी सांगितलेल्या मर्यादेत बसणारे पाचच. वजनाची कथा याहून निराळी नव्हती: सर्वांत हलका आणि सर्वांत जड यांत १३० ग्रेनचे, म्हणजे सुमारे साडेआठ ग्रॅमचे अंतर होते.

पण ज्या गोष्टीने मला खरोखर घाम फुटला ती वेगळीच. लाकडाच्या रेषा शाफ्टच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जायला हव्यात. यांतल्या अनेकांत त्या मध्येच तिरक्या होऊन बाजूला निघून जात होत्या. बाण सोडण्यापूर्वी तो हातांनी किंचित वाकवून पाहायची सवय मला अभ्यासक्रमातल्या प्रशिक्षकांनी लावली होती. तसे करताना एक शाफ्ट तिरका फाटून मोडला आणि वीतभर लांबीची अणकुचीदार कपची माझ्या हातात राहिली. दोरीवर असताना तो मोडला असता, तर तीच कपची धनुष्य धरलेल्या डाव्या हातात घुसली असती.

मी विक्रेत्याला आकड्यांसह, छायाचित्रांसह सौम्य भाषेत लिहिले. त्याचे उत्तर दोन ओळींचे होते: पैसे परत मिळणार नाहीत, आणि तुमच्याकडे ससाण्याची पिसे आहेत हे लोकांना सांगत फिरू नका. तेव्हा मला त्या बक्षिसाचा अर्थ उमगला. ती लाल शेपटीच्या ससाण्याची पिसे होती. पाळलेल्या टर्कीची पिसे कोणीही विकू शकतो, विकत घेऊ शकतो. ससाणा मात्र १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली संरक्षित आहे, आणि त्याचे पीस, अगदी अंगणात गळून पडलेले असले तरी, परवान्याशिवाय जवळ बाळगणे हा येथे गुन्हा आहे. परदेशातून आलेल्या माणसाला ‘गुन्हा’ हा शब्द जरा जास्तच मोठ्याने ऐकू येतो. मी ती पिसे कपाटात लपवली, आणि लपवल्यामुळे अधिकच गप्प झालो. त्याला हेच हवे होते.

शेवटी पत्नीने विचारले की चोरी त्याची असताना तू का लपतोस. दुसऱ्या दिवशी मी वन्यजीव खात्याच्या स्थानिक अधिकाऱ्याला फोन करून सारे सांगितले, चिठ्ठीसह पिसे त्यांच्या हवाली केली आणि मिळालेले संदेशही दिले. त्यांनी माझ्यावर काही कारवाई केली नाही. त्यानंतर मी जाहिरातीच्या ठिकाणी आणि पैसे पाठवले त्या सेवेकडे तक्रार केली. जाहिरात काढून टाकली गेली, पैसे मात्र परत आले नाहीत, कारण कागदोपत्री मी ते एका ‘मित्राला’ दिले होते.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका विक्रेत्याकडून एकच डझन शाफ्ट घेतले. पैसे खरेदीच्या पद्धतीने दिले, आणि त्याआधी त्याच्याकडून शाफ्टवर वजन टांगलेले छायाचित्र, उघड्या टोकांवरच्या रेषांचे जवळून घेतलेले छायाचित्र आणि प्रत्येक शाफ्टचे वजन मागून घेतले. त्याने न कुरकुरता तासाभरात सगळे पाठवले. जुन्या सामानातला जिग आणि क्लॅम्प तेवढे चांगले निघाले. उजव्या वळणाच्या उरलेल्या ५९ पिसांतून निवडून नऊ बाण तयार झाले आहेत, आणि रंगवलेल्या दांड्या परसात टोमॅटोच्या रोपांना बांधल्या आहेत.