रोटरी पीस फेलोशिप: पैसा पूर्ण मिळतो, पण फक्त तुमचा

इंदूरात एनजीओत नाहीतर हायकोर्टाच्या बेंचला मानवाधिकाराच्या केसेसमध्ये राबणारी जी पंचविशी-तिशीची मंडळी आहेत ना, त्यांच्यासाठी लिहितेय. माझी मावसबहीण या फेलोशिपवर, म्हणजे शांतता आणि विकासाच्या अभ्यासासाठी रोटरी फाउंडेशन देतं त्या शिष्यवृत्तीवर, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला मास्टर्स करून आली आणि तिचा फॉर्म, निबंध, व्हिसाचे कागद सगळं आमच्या रामबागेतल्या डायनिंग टेबलावर झालंय, त्यामुळे माहिती ऐकीव नाही.

आधी पैशाचं. कॉलेजची फी, राहणं-खाणं, जायचं-यायचं तिकीट आणि मधल्या इंटर्नशिपचा खर्च सगळा रोटरी फाउंडेशन देतं, फॉर्म भरायलाही एक रुपया लागत नाही. फुल्ली फंडेड म्हणून बोलवायचं आणि तिकडे गेल्यावर खिसा कापायचा, असला प्रकार नाही. पण नवरा किंवा मुलं सोबत न्यायची असतील तर तो खर्च तुमचा, आणि इकडचा ईएमआय काय थांबत नाही. मास्टर्सला नोकरी सोडूनच जावं लागतं, बारा-पंधरा हजारावर काम करणाऱ्याच्या घरी ही गोष्ट जेवताना काढून बघा, मग कळेल.

मास्टर्सला ग्रॅज्युएशन आणि तीन वर्षांचा फुलटाइम अनुभव हवा, म्हणजे कालच एलएलबी झालेल्यांनी थोडं थांबा. ब्रॅडफर्ड, स्वीडनचं उप्साला, टोकियोचं आयसीयू (इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) अशी सेंटरं आहेत, आपल्या देशात राहून मास्टर्स करता येत नाही. पाच वर्षांचा अनुभव असेल तर सर्टिफिकेटवालं बघा, ते वर्षभराचं असतं पण सेंटरवर राहायचं साधारण दहा आठवडेच, बाकी ऑनलाइन आणि स्वतःचा प्रोजेक्ट. युगांडात कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात आहे, इस्तंबूलला आहे आणि आशियासाठी आता पुण्यात सिम्बायोसिसलाही सेंटर दिलंय. (पुण्याचं कळल्यावर आमच्या आईचा पहिला प्रश्न, मग मामाकडेच राहशील ना!) घर आणि नोकरी दोन्ही सांभाळणाऱ्याला मला तरी हेच बरं वाटतं. २००२ पासून फेलो निवडतायत, दरवर्षी जगभरातून साधारण १३० जण घेतात, तेव्हा स्पर्धा किती ते समजून घ्या.

एक नियम इथे लागूच पडतो कारण आपल्याकडे गल्लोगल्ली रोटेरियन, म्हणजे रोटरी क्लबचे मेंबर. आई, वडील, आजोबा सध्या मेंबर असतील तर तुम्हाला भरता येत नाही. काका असतील तर चालतं, पण काकांच्या ओळखीने काही होईल हे डोक्यातून काढून टाका.

आता निबंध, खरी परीक्षा तिथे आहे. भंवरकुआंकडच्या एका कन्सल्टन्सीने बहिणीकडून फॉर्म भरायचे चांगले दणकून पैसे मागितले आणि नमुना म्हणून जो निबंध दाखवला त्यात वंचित घटक, सक्षमीकरण, परिवर्तन, सगळं होतं, फक्त माणूस एकही नव्हता. तिने तो बाजूला ठेवला आणि एका वीटभट्टीवर लिहिलं. उचल फिटत नाही म्हणून तिथे अडकवून ठेवलेली कुटुंबं, १९७६ चा वेठबिगारीविरोधी कायदा आहे पण एसडीएमच्या (आपल्या मराठीत प्रांताधिकारी) सहीचं मुक्ती प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय पुनर्वसनाचं चाक हलतच नाही, आणि ऑफिसातला बाबू म्हणतो हे तर मर्जीने आलेले मजूर आहेत. ॲडव्हान्सची वही, तिच्यातल्या अंगठ्याच्या निशाण्या, कोणाच्या नावापुढे किती बाकी, हे सगळं निबंधात आलं. इंटरव्ह्यूत बराच वेळ त्या वहीवरच प्रश्न झाले म्हणे.

आमच्यासारख्यांची इंग्रजी कॉन्व्हेंटवाली नसते, पण ती अडचण मला दुय्यम वाटते. जास्त त्रास कागदांचा. छोट्या संस्थेत तीन वर्षं राबलात तरी अपॉइंटमेंट लेटर असतंच असं नाही, आणि मोठ्या शहरातल्या ऑफिसवाल्यांना ते आपोआप मिळतं.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक घरच्यांच्या खर्चाचा कापला. फॉर्म साधारण फेब्रुवारीत उघडतो आणि १५ मेला बंद, म्हणजे ऐन लग्नसराईत. अनुभवाचं पत्र मात्र दिवाळीनंतर लगेच मागायला घ्या भिया, कारण संस्थेचे अध्यक्ष साहेब सही करायला सापडतील तेव्हा खरं.