१९३९चा रुपया: भिंग की तराजू?

आजोबांच्या डब्यात सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया निघाला, की घरात एकदम कुजबुज सुरू होते. हे साल दुर्मीळ, १९३८ त्यामानाने सहज मिळणारं. म्हणूनच १९३८च्या नाण्यावरचा इंग्रजी 8 कोरून त्याचा 9 केला जातो.

बरेच जण आधी सराफाच्या काट्याकडे धावतात. वजन ११.६६ ग्रॅम भरलं की खूश! पण नाणं सरकारी टांकसाळीचंच असतं, चांदीही तीच. खोटा फक्त एक आकडा. काटा पितळी-जस्ती नकला पकडेल, हे नाही.

इथे दहापट मोठं दाखवणारं भिंगच हवं. उजेड तिरपा पाडा. शेवटच्या ९ च्या खालच्या डाव्या बाजूला ओरखडे, खळगा किंवा आजूबाजूपेक्षा वेगळी चकाकी दिसते का? सालातच दोन ९ आहेत, ते ताडून बघा. वळण जुळलं नाही तर शंका घ्या. खात्रीचा १९३८ शेजारी असेल तर उत्तमच.

आणि कृपा करून नाणं चिंचेने घासू नका. जुना काळपटपणा गेला, की कोरीव जागेचा वेगळा रंगही जातो. (आमच्याकडे दिवाळीत हेच झालं.)