चिंक्वे तेर्रे कार्ड: एका शनिवारचा हिशोब

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही चौघं इटलीतल्या ला स्पेत्सिया स्टेशनावर उतरलो आणि माहितीकेंद्रातून दुसऱ्या दिवसासाठी एक-एक चिंक्वे तेर्रे कार्ड, म्हणजे गाडी आणि पायवाटांचा दिवसाचा पास, घेतलं. पुणेकर पाकीट आत ठेवत होता, माझी रूममेट संडास शोधत होती, तेवढ्यात नागपूरकराने आपलं कार्ड फलाटावरच्या मशिनमध्ये खुपसलं. ठक्. शिक्का पडला. ‘चेक करत होतो ना, चालतंय का म्हणून.’ चाललं. एका दिवसाचं कार्ड शिक्का मारल्यापासून चोवीस तास नव्हे, त्या दिवशीच्या रात्री बारापर्यंत चालतं. घड्याळात पावणेआठ वाजले होते. म्हणजे साडेएकोणीस युरोत त्याला सव्वाचार तास मिळाले, आणि शनिवारी सकाळी त्याने पुन्हा साडेएकोणीस युरो मोजले. त्याच्या वतीने ही पहिली सूचना: शिक्का सकाळी, पहिल्या गाडीच्या आधी.

मी मूळची चिपळूणची, सध्या मिलानमध्ये सिव्हिलचं मास्टर्स करते. महिन्याचं बजेट पंचवीस तारखेच्या आसपास कोलमडतं. इथे येणारा प्रत्येक भारतीय विद्यार्थी पहिल्या वर्षात एकदा तरी ‘कार्ड काढू की सुटी तिकिटं?’ विचारतो आणि त्याला ‘डिपेंड्स’ असं बिनकामाचं उत्तर मिळतं. म्हणून आमचा हिशोबच मांडते.

आधी जागा सांगते. चिंक्वे तेर्रे म्हणजे लिगुरियाच्या किनाऱ्यावरची पाच गावं: मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नीलिया, मानारोला, रियोमाज्जोरे. 1997 पासून युनेस्कोच्या यादीत, 1999 पासून राष्ट्रीय उद्यान. एका टोकाला लेवांतो, दुसऱ्या टोकाला ला स्पेत्सिया आणि त्यांच्या दरम्यान गावागावात थांबत फिरणारी गाडी. दोन गावांमधलं अंतर गाडीने चार-पाच मिनिटांचं, आणि त्यातला बहुतेक वेळ बोगद्यात. कोकण रेल्वेने वाढलेल्या माणसाला यात काही नवं वाटू नये. पण आपल्याकडे बोगद्यातून बाहेर आलं की नदी आणि पूल येतो, इथे थेट खाली समुद्र. वेर्नात्साचा फलाट तर दोन बोगद्यांच्या मधल्या फटीत बसवलाय, गाडीचे काही डबे अंधारातच थांबतात. मागच्या डब्यातले प्रवासी गाव आलं की नाही याचा विचार करत बसतात.

आमच्या तारखेला, म्हणजे मार्चअखेरीला, दर स्वस्तातले होते. गाडी आणि पायवाटा दोन्ही धरून दिवसाचं कार्ड साडेएकोणीस युरो, या टापूतलं एका फेरीचं सुटं तिकीट 5 युरो. तारखेप्रमाणे हे भाव चढतात. सगळ्यात महाग दिवसांत तेच कार्ड साडेबत्तीस युरोला आणि सुटं तिकीट 10 युरोला जातं. मंडळाच्या एसटीत असे हंगामी दर लागले तर स्टँडवर काय होईल याचं चित्र पुणेकराने रंगवून सांगितलं. जाण्याआधी आपल्या तारखेचा भाव बघा.

आमचा शनिवार असा गेला: स्पेत्सियाहून मानारोला गाडीने. तिथून पार्कची छोटी बस पकडून वर डोंगरावरच्या वोलास्त्राला; ही बस कार्डात येते. वोलास्त्राहून द्राक्षमळ्यांतून चालत कोर्नीलिया. कोर्नीलिया ते वेर्नात्सा गाडी. वेर्नात्सा ते मोंतेरोस्सो पुन्हा पायी. मोंतेरोस्सोहून परत स्पेत्सिया. गाडीच्या तीन फेऱ्यांचे 15 युरो. वेर्नात्सा-मोंतेरोस्सो वाटेला पैसे पडतात, नुसतं चालण्याचं कार्ड साडेसात युरो. झाले साडेबावीस. बस आणि स्टेशनावरचे पैसे देऊन वापरायचे संडासही दिवसाच्या कार्डात धरलेले आहेत. माणशी तीन युरो तरी निश्चित वाचले. नागपूरकर वजा.

पण पैशांपेक्षा मला त्या बसचं कौतुक आहे. मानारोला ते कोर्नीलिया हा खालचा, समुद्रालगतचा रस्ता दरडींमुळे कित्येक वर्षं बंद आहे. चालायचं तर वोलास्त्रावरून वळसा घालावा लागतो, आणि मानारोलाहून तो चढ चढणं म्हणजे दमछाक. बस तो चढ खाऊन टाकते. पुढे तासाभराहून जरा जास्त, अर्धीअधिक वाट जवळजवळ सपाट: एका हाताला द्राक्षांचे वेल, दुसऱ्या हाताला खोल खाली निळं पाणी. शेवटचा उतार मात्र गुडघ्यांची परीक्षा घेतो. कोर्नीलिया हे पाचांतलं एकच गाव डोंगराच्या खांद्यावर, समुद्रापासून शंभरेक मीटर उंच. स्टेशन खाली आणि मध्ये जवळपास 380 पायऱ्या. वोलास्त्राकडून आलात तर त्या पायऱ्या तुम्ही उतरता. आमच्या समोरून बॅगा घेऊन चढणाऱ्यांचे चेहरे बघून हा क्रम निवडल्याबद्दल रूममेटने माझी पाठ थोपटली.

या वाटेवर मी इतरांपेक्षा जास्त रेंगाळले, कारण तिथे गडगे आहेत. हो, गडगेच. आपल्या कोकणात कुंपणाला दगडावर दगड रचून, चुना-सिमेंट न घालता भिंत घालतात ना, तेच. इथे अख्खा डोंगर त्यावर उभा आहे. उताराला टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्याला गडग्याचा आधार द्यायचा, मागे माती भरायची, आणि हातभर रुंद पट्टीत द्राक्षं लावायची. सिमेंटची भिंत मागचं पाणी अडवते, पाणी साठलं की भिंत फुगते आणि एक दिवस कोसळते. गडग्यातून पाणी झिरपून निघून जातं, म्हणून तो टिकतो. अर्थात कोणी सांभाळला तर. ढासळलेला एक दगड वेळेत परत बसवला नाही की पुढच्या पावसात टप्पा जातो. तरुण शहरात गेले, मळे ओस पडले, गडगे सुटले, हे वाक्य मी वोलास्त्राबद्दल लिहितेय की माझ्या आजोळाबद्दल, मलाच कळेना. ही कोरड्या दगडी भिंतींची कला युनेस्कोने 2018 साली इटलीसकट आठ देशांच्या नावावर वारसा म्हणून नोंदवली. मळ्यातून एका रुळावरून चालणारी माल वाहायची चिमुकली गाडी दिसली. द्राक्षांचे क्रेट तीवरून खाली येतात. नागपूरकराला तीत बसायचं होतं.

वेर्नात्सात आम्ही बंदरावर चर्चच्या पायरीशी बसून घरून आणलेले पराठे खाल्ले. गाव इतकं नीटनेटकं की खोटं वाटावं. 25 ऑक्टोबर 2011 ला डोंगरावर काही तासांत ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि हीच मुख्य गल्ली पहिल्या मजल्यापर्यंत चिखल-दगडांनी भरली. माणसंही गेली. मला 22 जुलै 2021 चं चिपळूण आठवलं: वाशिष्ठीचं पाणी उतरल्यावर बाजारपेठेत उरलेला तो वास, दुकानांबाहेर ढीग लावलेले भिजके तागे. पुणेकराने विचारलं, ‘काय झालं?’ मी म्हटलं, पराठा कोरडा आहे.

वेर्नात्सा-मोंतेरोस्सो वाटेच्या तोंडाशी कार्ड तपासतात, आणि पायांकडेही बघतात. चपला, फ्लिपफ्लॉप घालून या वाटांवर जाणं नियमाबाहेर आहे, दंड होऊ शकतो. रूममेट सँडलवर आली होती. तिच्या बॅगेत बूट होते हे तिचं नशीब. साडेतीन किलोमीटर, आम्हाला पावणेदोन तास लागले. सुरुवातीला दमदार चढ, मग अरुंद वाट, समोरून येणाऱ्याला जागा द्यायला अंग चोरायचं, शेवटी लिंबाच्या बागांतून मोंतेरोस्सोत उतरणाऱ्या पायऱ्याच पायऱ्या. उलट दिशेने त्या चढायला लागू नयेत म्हणून आम्ही वेर्नात्साकडून निघालो. पाण्याची बाटली गावातल्या नळावर भरून घ्या. पिण्याचं पाणी फुकट मिळतं, आणि विकतच्या बाटलीचा भाव ऐकून तहान मरते.

खाण्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण कार्डात ते नाही आणि बजेट बुडतं ते तिथेच. मोंतेरोस्सोची खासियत आंचोवी. तळलेल्या मासळीचा कागदी कोन घेतला: आंचोवी, वर लिंबाची फोड. ही आपल्या मांदेलीच्या घरातली. तिखट नाही, रवा नाही, नुसत्या पिठात घोळवून तळलेली. पहिला घास सपक वाटला, तिसऱ्या घासाला गप्प झाले. मसाला नसला की मासळी किती ताजी आहे ते लपत नाही. आईला मात्र हे सांगणार नाही.

पुणेकर शाकाहारी, त्याचं पेस्तोवर, म्हणजे इथल्या हिरव्या चटणीवर, भागलं. लिगुरिया हे पेस्तोचं माहेर. बेसिल, पाइन नट, लसूण, चीज, ऑलिव्ह तेल. ते बेसिल म्हणजे आपल्या सब्ज्याचं झाड, मात्र पानं कोवळी आणि लहान असताना खुडलेली. त्रोफिये नावाचा वळकट्यांचा पास्ता, त्यात बटाटा आणि फरसबीही घालतात. पास्त्यात बटाटा बघून पुणेकर म्हणाला, ‘हे म्हणजे वडापावच झालं, पिठात पीठ.’ पेस्तोत पडणाऱ्या अस्सल पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध फाडायचं रेनेट असतं ही गोष्ट मला माहीत होती. मी त्याला प्लेट संपल्यावर सांगितली. तो अजून पुरता बोलत नाही माझ्याशी.

रेस्टॉरंटात बसलात तर बिलात ‘कोपेर्तो’ दिसेल: माणशी दोन-तीन युरो, नुसतं टेबलाशी बसल्याबद्दल. ती फसवणूक नाही, मेनूवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कॉफी काउंटरशी उभ्याने प्या.

आणि फारिनाता. स्पेत्सियात स्टेशनपासून दहाएक मिनिटांवर एक जुनं दुकान आहे, आत लाकडाची भट्टी, दारात गावकऱ्यांची रांग. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, बास. पीठ काही तास भिजवून ठेवायचं, तांब्याच्या मोठ्या गोल परातीत पातळ ओतायचं आणि भट्टीत सारायचं. वरून कडक सोनेरी, आत मऊसर, लगद्यासारखं. तीन युरोत कागदावर वाढलेला भलामोठा तुकडा, वर मिरपूड. बेसनाचं धिरडं म्हणून नाक मुरडायला निघाले होते, पण तव्यावरचं धिरडं आणि भट्टीतली ही चीज यांत चुलतपणच आहे, सख्खेपणा नाही. कांदा, ओवा, हळद काही नाही, तरी हरभऱ्याची गोडी पुढे येते. फोकाच्चाच्या पावात घालूनही खातात. पिठात पीठ, पुणेकराला हे आवडलं. दोन दिवसांत चार वेळा गेलो. दुसऱ्या रात्री भट्टीवरच्या आजोबांनी आम्हाला बघून न विचारता चार तुकडे कापले.

राहण्याबद्दल थोडक्यात: स्पेत्सियातच राहा, पाच गावांत खोल्या महाग. आम्ही ज्या हॉस्टेलात होतो त्याचं नाव लिहीत नाही. आठ खाटा, एक खिडकी, स्वयंपाकघराचे फोटो होते पण स्वयंपाकघराला कुलूप. शहराचा पर्यटककर रोख मागितला आणि पावती दिली नाही. स्टेशन पाच मिनिटांवर, एवढाच गुण.

रविवारी कार्ड काढलं नाही. फक्त रियोमाज्जोरेला जाऊन यायचं होतं, दोन फेऱ्या, 10 युरो. तिथून मानारोलाला जाणारी प्रसिद्ध ‘प्रेमाची वाट’ 2012 मध्ये दरड कोसळून बंद झाली होती, 2024 मध्ये पुन्हा उघडली. तिचं आरक्षण आणि जादा 10 युरो लागतात. चौघांत एकही जोडपं नाही या सबबीवर ठराव एकमताने फेटाळला. खडकांवर बसलो, पाण्यात पाय घातले आणि लगेच काढले. मार्चमधला समुद्र.

गुण द्यायचेच तर कार्डाला पाचपैकी चार. एक कापला तो बोटीसाठी: गावागावांत फिरणारी बोट यात येत नाही, आणि तिकिटाच्या खिडकीवर हे कळेपर्यंत आम्ही मनात अर्धा किनारा फिरून आलो होतो. दिवसातून तीन फेऱ्या आणि एक पैसे पडणारी पायवाट करणार असाल तर डोळे मिटून घ्या. नुसती दोन गावं बघणार असाल तर सुटी तिकिटं.

जुलैत आई-बाबा येणार आहेत. त्यांना चालायला लावणार नाही. स्पेत्सिया ते मानारोला, तिथून वेर्नात्सा, परत स्पेत्सिया. सगळ्यात महाग तारखेलाही सुट्या तिकिटांचे 30 आणि कार्डाचे साडेबत्तीस, म्हणजे सुटी तिकिटंच. बाबा प्रत्येक आकड्याला शंभराने गुणतात, त्यामुळे ती मी आधीच काढून माझ्याकडे ठेवणार. किंमत छापलेली बाजू आत करून.