टॉवेल तपासणारा एआय कॅमेरा: मशीन चोख, कागदाची बोंब

स्पेक्स तुम्ही ब्रोशरमध्ये वाचलेच असतील. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे, काही लूमवर जकार्ड (विणीतच नक्षी असलेल्या) चादरीही निघतात. दिवाळीपासून हा कॅमेरा लावलाय. तेलाचा डाग, तुटलेला ताणा अगदी डोळ्यांत तेल घालून पकडतो. रात्रपाळीला तर माणसापेक्षा सरस.

मग फेब्रुवारीत कंपनीनं परस्पर अपडेट टाकला आणि टॉवेलाचे लूप (वर उभे राहणारे धाग्याचे फासे) हाच दोष, असं मशीननं ठरवून टाकलं! चांगला माल धडाधड 'सेकंड'मध्ये, म्हणजे दुय्यम मालात. सर्व्हिसवाला म्हणे, "लाईट वाढवा, मालक." बाजूनं लाईट लावले, तर लुपांच्या सावल्या गडद झाल्या आणि अलार्म दुप्पट वाजू लागला. लाईटचं बिल अर्थात माझ्या माथी.

सॉफ्टवेअरमधल्या पुतण्यानं विचारलं, "काका, याचं मॉडेल कार्ड कुठंय?" मॉडेल, म्हणजे कॅमेऱ्याचा दोष ओळखायला शिकवलेला प्रोग्रॅम, कशासाठी बनवलं, कसल्या फोटोंवर शिकवलं, कुठं वापरू नये, चाचणीत कुठं चुकलं, हे लिहिलेला कागद. तेव्हा गुगलमध्ये असलेल्या मार्गारेट मिचेल, टिमनिट गेब्रू वगैरेंनी २०१९ सालीच ही पद्धत मांडली. साध्या मोटारीवरसुद्धा एचपी-आरपीएमची पट्टी असते, अन् इथं लाखाच्या मालाला काहीच नाही?

भांडभांड भांडल्यावर दोन पानं आली. त्यात सरळ लिहिलेलं: सपाट विणीच्या शर्टिंगवर शिकवलेलं, लूप असलेल्या कापडावर चाचणी नाही. म्हणजे दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या सिस्टीमचं मॉडेल उचलून आमच्यात बसवलं, आणि कागद त्यांच्याच हपिसात पडून. सर्व्हिसवाल्यानं तो बघितलाच नव्हता.

एप्रिलपासून मत जरा निवळलंय. जुनी आवृत्ती परत टाकून घेतली, टॉवेलचं काम पुन्हा चोख. चादरीच्या लूमवर मात्र कॅमेरा बंदच. जुन्या आवृत्तीच्या कागदातही जकार्डचं नाव नाही, आणि नक्षीला डाग समजला तर निस्तरणार कोण?

घेणार असाल तर पैसे देण्याआधी आवृत्ती, थ्रेशोल्ड (किती खात्री झाली की दोष म्हणायचं ती मर्यादा), लायसन्स, मूळ मॉडेल कुठलं हे लेखी घ्या. "असला फॉरमॅटच नसतो" म्हणाले तर सायक्लोनडीएक्स १.५ (सॉफ्टवेअरमध्ये काय काय घातलंय त्याची यादी लिहायचा फॉरमॅट) दाखवा, त्यात २०२३ पासून मॉडेल नोंदवायची सोय आहे. मॉडेलची फाइल 'पिकल' प्रकारची असेल तर 'सेफटेन्सर्स' या सुरक्षित प्रकारात मागा. पिकल उघडतानाच आत दडवलेला कोड चालू शकतो. हे शेवटचं पुतण्याचं, पण पटलं.

आता प्रत्येक अपडेटसोबत कार्ड हवं म्हटलं, तर "डॉक्युमेंटेशन चार्जेस"चं कोटेशन पाठवलंय, वर जीएसटी. एक छदाम देणार नाही. एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) चेकही तोवर ड्रॉवरमध्येच. तूर्त तीन स्टार, फुकटात कार्ड आलं तर चौथा.