नोक्ता सिंप्लेक्स प्लस: माळव्याच्या काळ्या मातीत कसं चालतं?

माळव्यात शेत आहे आणि जुन्या नाण्यांचं वेड आहे, अशा लोकांसाठी सिंप्लेक्स प्लस या मेटल डिटेक्टरबद्दल (जमिनीतला धातू हुडकणाऱ्या यंत्राबद्दल) हे लिहिते आहे. मेटल डिटेक्टर विकणारा आधी खोली सांगतो, मग स्क्रीन दाखवतो. आपण मात्र पहिल्यांदा ग्राउंड बॅलन्सचं, म्हणजे मशीन त्या जमिनीशी जुळवून घेण्याचं, विचारावं: तो आपल्या शेतात उभं राहून करता येतो की कारखान्यातूनच ठरवून दिलेला आहे? आपल्याकडे सगळं त्यावर अवलंबून आहे.

काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यात चुंबकीय लोहकण भरपूर. खात्री करायची असेल तर वाळलेल्या ढेकळांतून साधं लोहचुंबक फिरवून बघा, त्याला काळी दाढी फुटते. हे कण मशीनला सतत सिग्नल देत राहतात. जमिनीशी जुळवून न घेतलेलं मशीन अशा रानात अखंड कुरकुरतं आणि खरं नाणं त्या कुरकुरीत बुडून जातं. सिंप्लेक्सवर बटण दाबून धरायचं आणि कॉइल (दांड्याच्या टोकाची, धातू हुडकणारी चकती) जिथे धातू नाही अशा स्वच्छ जागेवर खाली-वर हलवायची, स्क्रीनवरचा आकडा स्थिर झाला की सोडायचं. अर्धा मिनिटही लागत नाही. इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूरजवळच्या आमच्या शेतात विहिरीकडची जमीन वेगळी आणि नाल्याकडची वेगळी, त्यामुळे पट्टा बदलला की मी पुन्हा बॅलन्स करते. केल्यावर मशीन खरोखर शांत होतं. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

मशीन तुर्कस्तानचं, २०१९ मध्ये बाजारात आलेलं. १२ किलोहर्ट्झ ही एकच फ्रिक्वेन्सी, ११ इंची डीडी (इंग्रजी D च्या आकाराच्या दोन वेढ्यांची) कॉइल, वजन १.३ किलो. पाण्यात तीन मीटरपर्यंत चालतं. आमच्या शेतात त्याचा उपयोग नाही, पण दव पडलेल्या सकाळी निर्धास्त फिरता येतं. बॅटरी आतच बसवलेली, चार्जिंगची. मुठीत कंपनाची सोय आहे आणि ती मला सगळ्यात जास्त आवडली. मामंजींना ऐकू कमी येतं. कंपन लावून दिलं की तेही तासाच्या ओळीने सावकाश चालतात आणि थांबून हाक मारतात, "सूनबाई, इथे बघ."

आता खोली. दुकानात हवेत नाणं धरून जी खोली दाखवतात, ती काळ्या मातीत मिळत नाही. आमच्याकडे रुपयाएवढ्या वस्तूचा भरवशाचा आवाज वीतभर खोलीपर्यंत येतो. खोल गेल्यावर आकडा उड्या मारू लागतो. हा मातीचा गुण आहे, यंत्राचा दोष म्हणता येणार नाही. उन्हाळ्यात जमीन भेगाळते तेव्हा भेगेवरून कॉइल गेली तरी खोटा आवाज येतो, म्हणून मी उन्हाळ्यात मशीन काढतच नाही. सोयाबीन निघाल्यावर आणि गव्हाची पेरणी होण्याआधी जे थोडे दिवस मिळतात, तेच खरे. वखर फिरलेला असतो आणि खालचं वर आलेलं असतं.

सापडलेला धातू कोणता असावा, हे सांगणारे स्क्रीनवरचे आकडे ० ते ९९. लोखंड खालच्या आकड्यांत घरघरतं: बैलांच्या नाला, खिळे, ट्रॅक्टरचे नट. तांबं आणि चांदी वर. मधल्या आकड्यांत गुटख्याच्या पुड्यांची चमकी पन्नी, आणि ती प्रत्येक बांधावर आहे. मधले आकडे बंद करून टाकण्याचा मोह होतो, पण करू नका. पितळेचं एक घुंगरू मला त्या मधल्या आकड्यांतच सापडलं. कडी तुटलेली, आतला खडा अजून वाजणारा. कुणीतरी पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधलेलं असणार.

आणि पाव आणा. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांच्या काळातला (ते १८८६ ते १९०३ गादीवर होते), तांब्याचा, एका बाजूला बसलेला नंदी. वशिंड आणि शिंगं अजून बोटाला लागतात, संवताचे शेवटचे दोन आकडे झिजून गेलेत. मी तो साध्या पाण्याने धुतला. चिंच नाही, पितांबरी नाही. वरचा हिरवा थर गेला की नाण्याचं वय आणि अक्षरं दोन्ही जातात.

काढण्याआधी जागेचा फोटो, फोनवरचं लोकेशन, विहिरीच्या कठड्यापासूनची पावलं, खोली. वहीत हे सगळं लिहिल्याशिवाय मी वस्तू खिशात टाकत नाही. महिदपूरला २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेकाठी होळकरांची फौज इंग्रजांशी लढली. तिथल्या शेतांत मशीन घेऊन जाऊ या, असं मला काही उत्साही मंडळींनी सुचवलं. मी जाणार नाही आणि तुम्हीही जाऊ नका. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८३ च्या वणव्यात गवत जळालं आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टरवाल्या स्वयंसेवकांना ओळीने चालवलं. प्रत्येक काडतूस आणि गोळी सापडली तिथेच नकाशावर नोंदवली. कोण कुठे उभं होतं आणि कुठे सरकलं, हे त्या नकाशाने सांगितलं. महिदपूरच्या शिशाच्या गोळ्या दिवाणखान्यातल्या बरणीत जाऊन पडल्या, तर आपल्या लढाईचा असा नकाशा कधीच होणार नाही. हे काम पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालीच व्हायला हवं, आणि झालं तर मी मशीन घेऊन पहिल्या रांगेत असेन.

कायदाही माहीत असू द्या. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या निधी कायद्यानुसार कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक जमीनमालकाचा. मी पाव आण्याचा अर्ज फोटोसकट दिला आणि पोच घेतली. संरक्षित स्मारकाच्या आवारात मशीन नेऊच नये, आणि दुसऱ्याच्या शेतात मालकाने लिहून दिल्याशिवाय पाऊल टाकू नये.

खरेदीबद्दल एक. मशीन घेण्याआधी शहरातल्याच एका विक्रेत्याने मला दोन दांड्यांचं "लाँग रेंज" यंत्र दाखवलं. किलोमीटरवरचं सोनं दाखवतं म्हणाला, आणि किंमत सिंप्लेक्सच्या कितीतरी पट. असल्या दांड्यांना शास्त्राचा काही आधार नाही. गुप्तधनाच्या आशेने त्यात जमिनीचे पैसे घालणाऱ्या शेतकऱ्यांचा विचार करून मला फार वाईट वाटतं. तुमच्या गावात कुणी असलं यंत्र घ्यायला निघालं असेल तर कृपा करून थांबवा.

सिंप्लेक्स पक्क्या बिलावर आणि वॉरंटीच्या कागदासह घ्या. नाणं ओरखडू नये म्हणून खणायला लाकडी मुठीचं खुरपं बरं, आणि खड्डा बुजवूनच पुढे जायचं. कॉइलवर प्लास्टिकचं कव्हर पहिल्याच दिवशी चढवा, सोयाबीनची खुंटं चाकूसारखी धारदार असतात.