व्हेन्लाफॅक्सिन की फ्लुऑक्सेटिन? एका विसराळू माणसाचा कौल

नैराश्यावरच्या या दोन्ही गोळ्या मी घेतल्या आहेत. आधी दीड वर्ष व्हेन्लाफॅक्सिन, आता फ्लुऑक्सेटिन. डॉक्टरांनी तुमच्यापुढे हेच दोन पर्याय ठेवले असतील, तर त्यांच्याशी बोलायला जाण्याआधी एवढं वाचा.

नैराश्य दोघींनीही उतरवलं. खरं सांगायचं तर व्हेन्लाफॅक्सिनने जरा जास्तच जोमाने, निदान मला तरी तसं वाटलं. डोस वाढला की ती सेरोटोनिनबरोबर नॉरएपिनेफ्रिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनावरही काम करते. तिचं-माझं बिनसलं ते माझ्या विसराळूपणामुळे.

सकाळची कॅप्सूल राहिली की संध्याकाळी नजर बाजूला वळवताच डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं व्हायचं. त्यात चक्कर, मळमळ आणि उगाचच येणारं रडू. पहिल्यांदा मला वाटलं, आजारच उलटला. पण तसं नव्हतं, औषध अंगातून झपाट्याने उतरत होतं. मूळ औषध रक्तात सुमारे ५ तासांत निम्मं होतं, शरीरात त्यापासून बनणारं संयुग सुमारे ११ तासांत. फ्लुऑक्सेटिन नियमित घेणाऱ्याच्या अंगात तिला निम्मं व्हायलाच ४ ते ६ दिवस लागतात. एखादा दिवस चुकला तर मला पत्ताही लागत नाही.

हा चिवटपणा कधी अडचणीचाही ठरतो. तिच्यानंतर एमएओआय गटातलं (नैराश्यावरच्या जुन्या औषधांचा एक गट) औषध सुरू करायचं तर ५ आठवडे थांबावं लागतं. व्हेन्लाफॅक्सिननंतर ७ दिवस. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध चालू असेल तर फ्लुऑक्सेटिनबद्दल डॉक्टरांना आधी विचाराच, कारण त्या औषधाला काम करायला लागणारं यकृतातलं एक एन्झाइम ती अडवते. सुरुवातीला तिने माझी झोपही उडवली होती. पण व्हेन्लाफॅक्सिनवर रक्तदाब मोजत राहावा लागतो, आणि माझा थोडा चढलाच होता. लैंगिक तक्रारींत दोघी सारख्याच. हे आधी कुणी सांगत नाही.

आत्महत्येचे विचार वाढू शकतात, हा इशाराही दोघींवर आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी लागू केला. पहिले काही आठवडे आणि डोस बदलतानाचे दिवस घरच्यांनी लक्ष ठेवण्याचे.

व्हेन्लाफॅक्सिन सोडताना डॉक्टरांनी माझा डोस टप्प्याटप्प्याने उतरवला, तरी झटके आलेच. तुमच्या गोळ्यांचा डबा भरून वेळेवर हातात देणारं घरात कुणी असेल, तर माझी तक्रार बहुधा तुम्हाला लागू नाही.