आठ होल्स्टर आणि एक कंबर

आमच्या कपाटाच्या खालच्या खणात, सांगलीहून आणलेल्या ब्लाउजपिसांच्या शेजारी, सहा होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानी, पडलेत. सातवं अंगावर आहे. आठवं मी कात्रीने कापून कचऱ्यात टाकलं, त्याची गोष्ट पुढे येईल. दोन वर्षांत या खेळात चारशेच्या वर डॉलर गेले. कुणाचे तरी वाचावेत म्हणून लिहायला बसले. त्यातही ज्या बायकांची कंबर जाहिरातीतल्या पुरुषासारखी सरळसोट नाही, त्यांचे.

ह्यूस्टनच्या पश्चिमेला आमची स्वतःची छोटी फार्मसी आहे. रात्री नऊला शटर मी ओढते आणि आत हायड्रोकोडोनची, म्हणजे नशेसाठी चोरल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांची, तिजोरी आहे हे सगळ्या गावाला ठाऊक. टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून पात्र असलेल्या एकवीस वर्षांवरच्या माणसाला पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. तरी मी परवान्याचा वर्ग केला. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून 50 गोळ्या, 250 पैकी 175 गुण मिळाले की पास. मला 231 पडले. नवरा म्हणाला, "एवढे तर तुला बारावीच्या गणितातही नव्हते." (एच-1बीसारख्या व्हिसावर असाल तर इथेच थांबा. केंद्राच्या कायद्याने काही मोजके अपवाद सोडता तुम्हाला बंदूक जवळ ठेवताच येत नाही. आधी वकील गाठा.)

पिस्तूल सिग सॉअर पी365. नळी 3.1 इंचांची, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, रिकामं असताना वजन साधारण 500 ग्रॅम. पिस्तूल निवडायला मला एक दुपार पुरली. ते अंगावर कुठे ठेवायचं हे ठरवण्यात दोन उन्हाळे गेले.

इथले लोक जागा घड्याळावर सांगतात. बेंबी म्हणजे बारा, उजवा खुबा तीन, पाठीचा कणा सहा. उजव्या हाताने वापरणारा साधारण एक ते पाचच्या मध्ये कुठेतरी ठेवतो.

मी सुरुवात घड्याळाच्या बाहेरून केली, पर्सपासून. बाजूला चोरखिसा आणि आत होल्स्टर असलेली खास पर्स. आरामाला पाचपैकी पाच, कारण अंगाला काही लागतच नाही. गणपतीत एका घरी आरतीला गेलो होतो. मी टाळ वाजवत होते आणि दीड वर्षाचा एक पोरगा माझ्या पर्समध्ये कोपरापर्यंत हात घालून बिस्किटं शोधत होता. पिस्तूल त्या वेळी गाडीतल्या कुलूपबंद पेटीत होतं. तरी मला पुढची आरती म्हणता येईना. 30 डिसेंबर 2014 ला आयडाहोतल्या हेडन गावी, अशाच खास बनवलेल्या पर्समधून दोन वर्षांच्या मुलाच्या हाती पिस्तूल लागलं आणि दुकानातच त्याची आई गेली. पर्स आपण खाली ठेवतो, ट्रॉलीत ठेवतो, मैत्रिणीला "धर गं जरा" म्हणून देतो. चोरही आधी पर्सच ओढतो. त्याच आठवड्यात पर्समधलं होल्स्टर खणात गेलं. पर्समध्ये आता डबा नेते.

मग चार वाजताची जागा. पँटच्या आत बसणारं मऊ कातड्याचं होल्स्टर, हाताला अगदी लोण्यासारखं. दुकानदार म्हणाला, सवयीने अंगाचा आकार घेईल. घेतलाही. पिस्तूल काढलं की त्याचं तोंड मिटायचं आणि परत घालताना काठ आत दुमडायचा. एका संध्याकाळी घरी रिकाम्या पिस्तुलावर सराव करताना हाताला काहीतरी अडल्यासारखं वाटलं. बाहेर काढून पाहिलं तर दुमडलेली कातड्याची जीभ सरळ चापाभोवतीच्या कडीत शिरलेली. भरलेलं असतं आणि मी आणखी जोर दिला असता, तर बोट न लावता गोळी सुटली असती. मटणाच्या कात्रीने मी त्याचे तुकडे केले, म्हणजे कचऱ्यातून उचलूनही कुणी वापरायला नको. होल्स्टर विकत घेताना पहिली गोष्ट बघा: चापाची कडी पूर्ण झाकली जाते का आणि बाहेरून अंगठ्याने दाबल्यावर तो भाग आत दबतो का. दबला तर कितीही सुंदर असो, तिथेच ठेवून या.

त्याच जागी मग कायडेक्सचं घेतलं. हे कडक प्लॅस्टिक असतं, तापवून साच्यावर बसवलेलं. पिस्तूल आत गेलं की टक् आवाज येतो आणि तोंड कधी मिटत नाही. मूठ थोडी पुढे झुकवून, पंधराएक अंशांवर, साडेतीनला ठेवलं. उभं असताना उत्तम. पण पुरुषाची बाजू काखेपासून खाली सरळ उतरते. आपला खुबा बाहेर येतो, तो होल्स्टरला खालून ढकलतो आणि मूठ बरगडीत रुतते. खालच्या फळीवरचं खोकल्याचं सिरप काढायला वाकले की कुर्तीखालून मुठीचा अख्खा नकाशा दिसायचा. गाडीत तर हाल. सीटची पाठ मागून दाबते आणि बेल्टचं बक्कल नेमकं तिथेच. उंच, सडपातळ पुरुषांना हीच जागा द्या, ते खूश राहतील. माझे तीन तारे.

बाकीचं पटकन सांगते. घोट्याचं होल्स्टर बसल्या जागी ठीक. पण उभ्या-उभ्या काढायचं तर एका पायावर लंगडी घालावी लागते, आणि दिवसभराने पायावर मोजा काढल्यासारखा वळ उमटतो. खांद्याचं होल्स्टर सिनेमात शोभतं. आडवं असेल तर नळी सतत मागच्या माणसाकडे, आणि माझ्या मागे रांगेत इन्सुलिन घ्यायला आलेले आजोबा असतात. सहा वाजता, म्हणजे पाठीवर, प्रशिक्षकांनी घेऊच दिलं नाही. पाय घसरून उताणं पडलो तर लोखंडाचा गोळा मणक्यावर, आणि मागून कुणी हात घातला तर कळणारही नाही. आपला हिरो तिथेच खोचतो, तेही होल्स्टरशिवाय. नुसतं खोचण्याची किंमत विचारायची तर प्लॅक्सिको बरेस या अमेरिकन फुटबॉलपटूला विचारा. 2008 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या नाइटक्लबमध्ये त्याच्या सैल पँटमधून ग्लॉक घसरलं आणि गोळी त्याच्याच मांडीत गेली. वर तुरुंगवास. त्याच वर्षी सुपर बोलचा, म्हणजे तिथल्या अंतिम सामन्याचा, विजयी टचडाउन करणारा हा माणूस.

खिशातला मामला मात्र बरा. मैत्रिणीची पाच गोळ्यांची स्मिथ अँड वेसन 642 रिव्हॉल्व्हर महिनाभर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, चालवून पाहिली. गोळीवर आपटणारा घोडा आत झाकलेला, कशात अडकत नाही, चाप लांब आणि जड. खिशाचं होल्स्टरही घेतलं, पण बायकांच्या पँटींना खिसे शिवणाऱ्यांनी ते नुसते शोभेसाठी शिवलेले. त्यात पिस्तूल सोडा, माझा फोनही मावत नाही. खिसे मोठे असतील तर त्यात होल्स्टर हवंच आणि दुसरं काहीही नको, किल्लीसुद्धा.

उरली एक वाजताची जागा, पोटाशी. तिला मी दीड वर्ष भीत होते. कारण उघड आहे. बसल्यावर नळी मांडीच्या सांध्याकडे येते आणि तिथून शरीरातली मोठी धमनी जाते. फार्मसिस्टला हे वेगळं सांगायला नको. पण अपघात बहुतेक कधी होतात, तर पिस्तूल परत आत घालताना. मग आमच्या प्रशिक्षकांनी सांगितलेली सोपी युक्ती मी धरली. पिस्तूल आधी टेबलावर, नळी सुरक्षित बाजूला ठेवून, होल्स्टरमध्ये बसवायचं, मग अख्खं होल्स्टरच कमरेला अडकवायचं. संध्याकाळी तसंच अख्खं उतरवून तिजोरीत. अंगावर असताना पिस्तूल आत-बाहेर करायचं नाही. रेंजवर करावंच लागलं तर कंबर पुढे काढून, खाली बघत, भाकरी तव्यावर टाकावी तितक्या सावकाश.

होल्स्टर कायडेक्सचंच. त्याला बाहेरून एक पंखासारखा तुकडा आहे, तो पट्ट्यावर रेटतो आणि मूठ पोटाकडे वळवतो. आतून नळीच्या बाजूला फोमची पाचर चिकटवली. त्याने खालचा भाग अंगापासून दूर होतो आणि वरचा आत झुकतो. आठ डॉलरच्या या पाचरीने जेवढा फरक पडला तेवढा बाकीच्या सगळ्या खर्चाने पडला नाही. वर दीड इंची ताठ पट्टा. लेचापेचा पट्टा घातलात तर सगळं खाली ओढलं जातं.

परीक्षा माझी मी घेतली, अर्थात रिकामं पिस्तूल लावून. गाडीत डॅलसपर्यंत चार तास: ठीक, सीटबेल्ट खालून घेतला. तांदळाची वीस पौंडी पिशवी उचलणं: ठीक. बुटाची नाडी: जरा टोचतं, गुडघा बाहेर काढून बसावं लागतं. मांडी घालून जेवण: दोन पुरणपोळ्यांपर्यंत ठीक, तिसरीला पट्ट्याचं एक भोक सैल. सासऱ्यांना वाकून नमस्कार: मूठ बरगडीखाली रुतली आणि तोंडातून "आई गं" निघालं. ते म्हणाले, "कंबर धरली का गं?" टॉयलेटमध्ये होल्स्टरसकट पँटमध्येच, गुडघ्याशी पट्टा परत लावून. टाकीवर किंवा खुंटीवर ठेवायचं नाही. विसरणारे तिथेच विसरतात.

साडी आणि नाडीची सलवार यावर उपाय म्हणून इलॅस्टिकचा पोटपट्टा आणला होता. ऑगस्टमधल्या ह्यूस्टनच्या दमटात तासाभरात घामोळं. त्यापेक्षा वाईट म्हणजे कापडावरून दाबलं की चाप हाताला लागत होता. तोही खणात. साडीच्या दिवशी पिस्तूल घरी राहतं. तसंही आमच्या मंदिराच्या दाराशी टेक्ससच्या कायद्यातल्या 30.06 कलमाची पाटी आहे, इंग्रजी आणि स्पॅनिश, इंचभर अक्षरांत. परवाना असला तरी आत नेता येत नाही.

पोटाशीला चार तारे. पाचवा का नाही, तर या होल्स्टरच्या क्लिपचे स्क्रू सैल होतात. दुसऱ्याच महिन्यात एक निघून कपडे धुण्याच्या यंत्रात सापडला. बनवणाऱ्यांना कळवलं, त्यांनी नवे पाठवले, तेही सैल झाले. आता निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा डिंक, लावते आणि रविवारी सकाळी चहा उकळेपर्यंत पेचकस फिरवून बघते.